सॅडल बॅग घेताय? आधी स्वयंपाकघरातला डबा काढा

सॅडल बॅग, म्हणजे सायकलच्या सीटखाली लावायची बॅग, कोणती घेऊ असं कुणी विचारलं की लगेच चार लिंका येऊन पडतात, पण तुझी सायकल कोणती, सीट किती वर असते, जाणार कुठे आहेस, हे कुणी विचारत नाही. मग होतं काय, तर दहा लिटरची बॅग येते आणि टायरला घासते, नाहीतर अर्ध्या लिटरची येते आणि त्यात ट्यूब घातली की बाकी सगळं बाहेर. माझं म्हणणं सरळ आहे, बॅग सगळ्यात शेवटी निवडायची. आधी सामान, मग सीटखालची जागा, मग बांधणी. हे तिन्ही ठरलं की बॅगा आपोआप गळत जातात, दोन-तीनच उरतात, त्यातली परवडेल ती घ्या.

पुणे-मुंबईकडे सायकल चालवणारे डोळ्यासमोर ठेवून लिहितोय, म्हणजे रोजची सकाळची राईड, अधूनमधून २००-३०० किमीची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राईड) आणि थंडीत एखादी कोकण टूर. लडाखला निघाला असाल तर हिशोब वेगळा.

१. सामान जमिनीवर मांडा

मनात यादी करू नका, खरंखुरं वर्तमानपत्रावर मांडा. एका दिवसाच्या राईडला लागतं ते एवढंच: एक स्पेअर ट्यूब, दोन टायर लिव्हर (टायर रिममधून उचकटायच्या पट्ट्या), पंक्चरचं पाकीट (ठिगळं, पॉलिश पेपर, सोल्युशन), मल्टीटूल, चेनची क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायची कडी), आणि पंप फ्रेमला लावणार नसाल तर पंप. मल्टीटूलमध्ये ४, ५, ६ ची ॲलन की आणि चेन तोडायचं टूल आहे ना बघा, डिस्क ब्रेक असतील तर टी२५ (चांदणीच्या आकाराची की) पण हवं. क्विक लिंक आपल्या चेनच्या स्पीडची घ्या, ९ स्पीडची लिंक ११ स्पीडच्या चेनला चालत नाही. ट्यूबलेसवाल्यांनी प्लगचा किट ठेवा पण ट्यूबही ठेवाच, टायर बाजूने फाटला तर प्लग काही करू शकत नाही.

यात तीन बारीक गोष्टी लोक हमखास विसरतात, आणि आपल्याकडे त्याच जास्त कामाला येतात.

पहिली म्हणजे प्रेस्टा वॉल्व्हचा, म्हणजे रोडबाईकच्या ट्यूबला असतो त्या बारीक वॉल्व्हचा, ॲडॅप्टर. पितळेचा एवढासा तुकडा, किंमत चहाएवढी. हायवेवर पंक्चरवाले जागोजागी असतात, कॉम्प्रेसरही असतो, पण त्यांचं नोझल मोटारसायकलच्या वॉल्व्हचं, आपल्या बारीक प्रेस्टाला ते बसत नाही आणि तो बिचारा दोनदा प्रयत्न करून "साहेब, ही सायकल बाहेरची दिसते" म्हणून हात वर करतो. ॲडॅप्टर असला की तोच माणूस अर्ध्या मिनिटात हवा भरून देतो. दुसरी म्हणजे डिरेलर हँगर, मागचे गिअर बदलणारा डिरेलर फ्रेमला ज्याने जोडलेला असतो तो छोटा तुकडा. प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो, सायकल उजव्या अंगावर पडली की वाकतो किंवा तुटतो, आणि गुहागरमध्ये कितीही हिंडलात तरी तुमच्या सायकलचा हँगर तिथे मिळायचा नाही. तिसरी म्हणजे जुन्या टायरचा तीन-चार सेंमीचा तुकडा, टायरला चीर पडली की आतून लावायला. या तिन्ही गोष्टी मिळून काडेपेटीएवढी जागा खातात, त्यामुळे जागा नव्हती म्हणून घेतलं नाही वगैरे कारण चालणार नाही.

पंप की सीओटू कार्ट्रिज (दाबून भरलेल्या गॅसची छोटी नळी) हा वाद लोक तासन् तास घालतात. १६ ग्रॅमचा एक कार्ट्रिज रोडबाईकच्या टायरला एकदा पुरतो, एमटीबीच्या (माउंटन बाईकच्या) २९ इंची टायरला कमी पडतो, आणि हा गॅस ट्यूबमधून हवेपेक्षा लवकर निसटतो म्हणून घरी आल्यावर साधी हवा पुन्हा भरावी लागते. एकच काहीतरी न्यायचं असेल तर पंप न्या. पंप संपत नाही.

आता ट्यूब, कारण बॅगेतली निम्मी जागा तीच अडवते. खोक्यासकट ठेवू नका. खोकं फेका, वॉल्व्हचं नट सैल करून उरलीसुरली हवा दाबून काढा, वॉल्व्हला टोपी लावा म्हणजे त्याचं टोक रबरात घुसणार नाही. मग वॉल्व्हच्या समोरच्या टोकापासून घट्ट गुंडाळत वॉल्व्हपर्यंत या, थोडी टाल्कम पावडर मारा आणि जुन्या मोज्यात किंवा जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वरून जुन्या ट्यूबची कापलेली रिंग चढवा. मोजा चैन म्हणून सांगत नाहीये. उघडी ट्यूब मल्टीटूलशेजारी ठेवली की रस्त्याच्या हादऱ्याने दोन्ही एकमेकांवर घासत राहतात आणि चार-सहा महिन्यांनी नेमकी गरजेच्या वेळी स्पेअर ट्यूबच भोक पडलेली निघते. रस्त्यावर हात काळे झाले की पुसायलाही तोच मोजा.

हल्ली टीपीयूच्या (रबराऐवजी लवचिक प्लॅस्टिकच्या) पातळ ट्यूब मिळतात, काडेपेटीपेक्षा जराशी मोठी घडी होते, जागेचा प्रश्नच मिटतो. पण त्यांना ठिगळ वेगळं लागतं. आणि रिम ब्रेक असतील तर पाकिटावर काय लिहिलंय ते नीट वाचा, आपल्याकडच्या लांब घाटउतारावर रिम बऱ्यापैकी तापते आणि काही कंपन्या त्या ट्यूब फक्त डिस्क ब्रेकलाच चालतील म्हणून स्पष्ट सांगतात.

२. डब्यात मोजा

लिटर म्हणजे किती हे बॅगेचा फोटो बघून कळत नाही, म्हणून हा उद्योग. घरातला एखादा स्टीलचा डबा घ्या, त्यात एक लिटरच्या बाटलीने पाणी ओतून किती मावतं ते बघा, डबा कोरडा करा आणि आता मांडलेलं सगळं सामान त्यात बसवा. झाकण आरामात लागलं पाहिजे. (डबा जुना घ्या. ग्रीस लागलेलं मल्टीटूल साखरेच्या डब्यात गेलं तर पुढच्या परिणामांना मी जबाबदार नाही.)

जे उत्तर येईल त्यात पाव ते अर्धा लिटर मिळवा, कारण बॅग डब्यासारखी चौकोनी नसते, पुढे निमुळती होते आणि ते टोक बरंचसं फुकट जातं. रोडबाईकवाल्यांचं सामान पंप सोडून साधारण पाऊण-एक लिटरमध्ये बसतं. एमटीबी किंवा जाड टायरच्या हायब्रिडची ट्यूब जवळपास दुप्पट जागा घेते, त्यामुळे तिथे दीड लिटर धरा. लांबच्या बीआरएमला दोन ट्यूब, बारीक विंडचीटर, लाइटची जादा बॅटरी असं धरून दोन-अडीच लिटर.

बीआरएमला नवीन असाल तर एवढं लक्षात ठेवा, तिथे कंट्रोल (वाटेतले ठरलेले तपासणीचे थांबे) सोडून मधल्या रस्त्यात बाहेरची मदत घ्यायला परवानगी नाही, म्हणजे मागून गाडीत मित्र स्पेअर घेऊन येतोय हे चालत नाही. २०० किमीला साडेतेरा तास, ६०० ला ४० तास. एवढ्या वेळात जे बॅगेत आहे तेच तुमचं. पण म्हणून अख्खं दुकानही भरू नका. गरजेपेक्षा मोठी बॅग घेतली की ती भरली जाते, हा मनुष्यस्वभाव आहे, आणि अर्धी भरली तर सामान आत खुळखुळतं, ते आणखी वाईट.

३. सीटखाली टेप लावा

सीट आपल्या नेहमीच्या उंचीवर ठेवा. सीटखाली ज्या दोन दांड्या असतात, रेल म्हणतात त्यांना, तिथपासून सरळ खाली मागच्या टायरपर्यंत किंवा मडगार्ड असेल तर मडगार्डपर्यंत किती सेंमी आहे ते मोजा. सीट पोस्ट फ्रेमच्या वर किती उघडा आहे तेही मोजा, कारण बॅगेचा पट्टा तिथेच जाणार. साध्या छोट्या पाऊचला दहा सेंमी खूप झाले. बाईकपॅकिंगवाल्या लांब सीटपॅकला (कॅरिअरशिवाय सीटमागे लटकणारी मोठी बॅग) मात्र वीसेक सेंमी तरी मोकळे लागतात, ती भरल्यावर खाली झुकते हे धरून.

इथेच बुटक्या लोकांची पंचाईत होते. उंची पाच फूट-पाच फूट दोन असेल, फ्रेम छोटी, त्यात चाकं २९ इंची किंवा ७०० सी, तर सीट आणि टायरमध्ये कधीकधी जेमतेम पंधरा सेंमी उरतात. यात महिला सायकलिस्ट बऱ्याच येतात आणि दुकानदार मोठ्या फ्रेमला बॅग लावून दाखवतो म्हणून हे घरी येईपर्यंत कळत नाही. अशांनी सीटपॅकचा नाद सोडावा, छोटा पाऊच आणि बाकीचं कॅरिअरवर.

फुल सस्पेन्शन सायकल असेल तर मागचा शॉक दबल्यावर टायर वर येतो, तेव्हा शॉकमधली हवा काढून, सायकल पूर्ण दाबून माप घ्या. ड्रॉपर पोस्टवाल्यांनी (चालवताना सीट वर-खाली करता येते तो पोस्ट) सीट पूर्ण खाली घेऊन मोजा.

आणखी एक मोजायची गोष्ट म्हणजे रुंदी. सीटवर बसून पेडल उलटे फिरवा आणि मांड्या सीटच्या मागच्या भागाला कुठे लागतात ते बघा. बॅग त्या जागेपेक्षा रुंद असेल तर दर पेडलला मांडीला घासणार. वीस किलोमीटरला ते जाणवत नाही, शंभरला जाणवतं आणि दोनशेला शिव्या येतात.

४. कशाने बांधली जाणार

माझ्या मते बॅगेचं खरं दुखणं इथे असतं, कापडात नाही. तीन प्रकार दिसतात.

सगळ्यात कॉमन म्हणजे वेल्क्रो: दोन पट्टे रेलला, एक सीट पोस्टला. स्वस्त, कुठल्याही सायकलला बसतं. पट्ट्याची खरबरीत बाजू बाहेर डोकावत असेल तर ती तुमच्या लायक्राच्या शॉर्ट्सचे धागे ओढते, म्हणून लावताना ती पूर्ण झाकली जाते का बघा. एअरो, म्हणजे गोल नसून चपटा, सीट पोस्ट असेल तर पट्टा पुरतो का तेही बघा, बऱ्याचदा आखूड पडतो. पोस्ट कार्बनचा असेल तर पट्ट्याखाली पारदर्शक फ्रेम टेपचा एक तुकडा लावाच. पट्ट्यात अडकलेली धूळ म्हणजे पॉलिश पेपरच, वर्षभरात पोस्टची झिलई उडते.

दुसरा प्रकार म्हणजे रेलला कायमचा प्लॅस्टिकचा क्लिप आणि बॅग त्यात खटकन बसते. शहरात चांगलं, सायकल लावली की बॅग काढून घेऊन जाता येतं. पण हे क्लिप ७ मिमीच्या गोल रेलसाठी केलेले असतात, कार्बन रेल ७ बाय ९ मिमीची अंडाकृती असते, तिथे ते नीट बसत नाहीत. आणि खराब रस्त्यावर क्लिप खडखडतो. पावसाळ्यानंतरचे आपले रस्ते तुम्हाला माहीत आहेत.

तिसरा म्हणजे सगळ्याला एकच पट्टा, ताणून घट्ट करायचा. हा मला सगळ्यात आवडतो, कारण बॅग रेलला दाबून चिकटते आणि हलतच नाही. फक्त पंक्चर काढताना अख्खी बॅग काढावी लागते.

कुठलीही घ्या, दुकानातच सामान भरून बॅग लावा आणि हाताने डावी-उजवीकडे हलवा. बोटभर हलली ठीक, चार बोटं हलली तर नको.

५. मोठी सीटपॅक की कॅरिअर आणि पॅनियर (कॅरिअरला बाजूने लटकवायच्या बॅगा)

दोन-चार दिवसांच्या टूरचा विषय निघाला की हल्ली सगळे पाच ते सतरा लिटरच्या सीटपॅककडे वळतात, फोटोत झकास दिसते ना. वाईट नाही ती, कॅरिअर लावायला सोयच नसलेल्या रोडबाईकला तोच मार्ग. पण तिचा त्रास समजून घ्या. सगळं वजन सीटच्या मागे लटकतं, आणि घाटात उभं राहून पेडल मारायला लागलात की ती शेपटीसारखी डोलते. पसरणी घाटात हे झालं की निम्मी ताकद ती आवरण्यात जाते.

यावर उपाय म्हणजे जड वस्तू (टूल, चार्जर) एकदम पुढे, पोस्टला चिकटून, हलके कपडे मागे. भरताना मधली हवा दाबून काढा, तोंड गुंडाळून घट्ट करा, आणि निघाल्यावर पहिल्या चहाला पट्टे पुन्हा आवळा, कारण हादऱ्याने कपडे बसतात आणि पट्टे सैल पडतात. वजनाची मर्यादा बहुतेक सीटपॅकना तीन ते पाच किलोच असते, लेबलवर असते, वाचा. लिटर जास्त आहेत म्हणजे किलोही जास्त चालतील असं नाही.

कोकणच्या सागरी मार्गाला माझं मत सरळ कॅरिअरच्या बाजूने आहे. तो रस्ता म्हणजे खाडीत उतरायचं, जेटीवर जायचं, आगरदांडा-दिघी झालं, दाभोळ-धोपावे झालं, तवसाळ-जयगड झालं, आणि पलीकडे उतरलं की पुन्हा सड्यावर चढायचं. चढ छोटे पण उभे, दिवसभर तेच. तिथे वजन खाली, चाकाच्या दोन्ही बाजूंना असलेलं बरं. मागच्या चाकाच्या ॲक्सलजवळ फ्रेमला स्क्रूची भोकं आहेत का बघा, असतील तर कॅरिअर बसतो, डिस्क ब्रेक असेल तर कॅलिपरला न अडकणारा घ्यावा लागतो. भोकं नसतील तर सीट पोस्टला आवळायचे कॅरिअर मिळतात, त्यांची ताकद साधारण दहा किलोपर्यंत. पॅनियर लावल्यावर टाच मागे बॅगेला लागते का तेही बघा, नऊ-दहा नंबरचा बूट असेल तर हमखास लागते, मग बॅग जरा मागे सरकवायची.

इंग्लंडमधल्या कॅरडाइस कंपनीची सीटमागे आडवी बसणारी कापडी बॅग पण माहीत असू द्या. १९३२ पासून ती मंडळी मेण लावलेल्या जाड सुती कापडाच्या बॅगा शिवतायत, ब्रुक्सच्या बऱ्याच सीटना मागे ज्या दोन कड्या असतात त्या अशा बॅगेसाठीच. छान असते, पण महाग, आणि कोकणातल्या दमट हवेत ओली ठेवली तर बुरशी धरते.

६. वॉटरप्रूफ या शब्दावर जाऊ नका

लेबलवर वॉटरप्रूफ लिहायला पैसे पडत नाहीत. कापडाला आतून कोटिंग असेल तर कापडातून पाणी येत नाही, पण शिवणीच्या प्रत्येक टाक्याला भोक असतं आणि पाणी येतं ते तिथून आणि बॅगेच्या चेनमधून. खऱ्या वॉटरप्रूफ बॅगेत शिवण नसते, जोड वेल्ड केलेले असतात आणि तोंड गुंडाळून बंद होतं. जर्मनीच्या ऑर्टलीबने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ट्रकच्या ताडपत्रीच्या कापडातून अशा बॅगा करायला सुरुवात केली, आजही तत्त्व तेच आहे.

आता आपल्याकडची गंमत अशी की सॅडल बॅगेला वरच्या पावसाचा त्रास कमीच, वर सीट आहे. पाणी येतं ते खालून, मागचं चाक चिखलाचा फवारा थेट बॅगेच्या पोटावर मारतं. वरून घालायचं रेनकव्हर इथे फारसं कामाचं नाही. जून ते सप्टेंबर चालवणार असाल तर महागड्या बॅगेआधी एक मडगार्ड घ्या, बॅगही वाचते आणि पाठीवरचा चिखलाचा पट्टाही.

बॅग तपासायची असेल तर आत वर्तमानपत्राचा बोळा भरून बाथरूममध्ये पाच मिनिटं खालून आणि मागून पाणी मारा. कागद ओला झाला तर परत करायची गरज नाही, सामान झिपलॉकच्या पिशवीत घालायचं म्हणजे झालं. छोट्या बॅगेला मी तर हाच उपाय सांगेन, वेल्डिंगवाली बॅग टूरसाठी ठेवा.

७. लाइट

सीट पोस्टला लावलेला मागचा लाल लाइट बॅगेमागे लपतो आणि हे स्वतःला कळत नाही, मागच्याला लाइट दिसत नाही एवढंच. छोट्या बॅगेला मागे लाइट अडकवायची पट्टी असते, पण ती पातळ असेल तर लाइट खाली मान टाकतो आणि उजेड रस्त्यावर पडतो. दुकानात लाइट अडकवून, दहा पावलं मागे जाऊन बघा. मोठ्या सीटपॅकसोबत लाइट सीट स्टेला (सीटखालून मागच्या ॲक्सलकडे जाणारी फ्रेमची नळी) लावलेला बरा, किंवा कॅरिअरच्या टोकाला.

८. दुकानात किंवा ऑनलाइन

दुकानात जाताना सायकल आणि पिशवीत ते सगळं सामान घेऊन जा. बॅगेची चेन हातमोजा घालून एका हाताने उघडते का बघा. पट्टे जिथे शिवलेत तिथे एकच सरळ टीप आहे की आडवी दाट टीप मारलीय ते बघा, बॅग उसवते ती तिथेच. तळ जरा कडक असावा, नाहीतर टूलचा आकार बाहेर येऊन कापड तिथे झिजतं.

ऑनलाइन घेताना लिटरपेक्षा लांबी-रुंदी-उंचीचे सेंमी बघा आणि आपल्या टेपच्या मापाशी जुळवा. रिव्ह्यू वाचायचे तर तीन स्टारवाले वाचा, पाचवाल्यांनी बॅग नुकतीच खोक्यातून काढलेली असते. छोट्या बॅगा चार-पाचशे रुपयांपासून मिळतात, आणि खरं सांगायचं तर रोजच्या राईडला तेवढ्यातली नीट शिवलेली बॅग पुरते. पैसे घालायचे तर मोठ्या बॅगेत घाला, तिथे स्वस्तातला माल डोलतो आणि उसवतो. बजेट अगदीच नसेल तर ट्यूब आणि लिव्हर जुन्या ट्यूबच्या पट्टीने सीटखाली आवळा, आणि बाकीचं जुन्या पाण्याच्या बाटलीत घालून दुसऱ्या बॉटल केजमध्ये. दिसायला गावठी, चालायला फर्स्टक्लास.

९. लावल्यानंतर

मोबाइल, पैसे, पॉवर बँक सॅडल बॅगेत ठेवू नका, हादरेही जास्त आणि चहाच्या टपरीवर पाठ फिरली की बॅगही सहज निघते. परतीला सायकल रेल्वेच्या पार्सलमध्ये टाकणार असाल तर बॅग आणि लाइट काढून स्वतःजवळ घ्या. समुद्राजवळून आलात की बॅग आतून-बाहेरून साध्या पाण्याने धुऊन सावलीत उलटी टांगा, बॅगेच्या चेनवर मेणबत्ती घासा म्हणजे मिठाने अडकणार नाही. टूलला तेलाचा हात लावून ठेवा, वॉटरप्रूफ बॅगेत तर जास्तच, कारण आत शिरलेलं पाणी तिच्यातून बाहेरही जात नाही.

आणि पावसाळा संपला की एकदा सगळी बॅग ओतून बघा. एकदा फोडलेली सोल्युशनची ट्यूब बहुतेक वाळून गेलेली असते, बाहेरून कळत नाही, दाबून बघावी लागते. ती बदला, स्पेअर ट्यूबमध्ये थोडी हवा भरून रात्रभर ठेवा, सकाळी टिकली असेल तर पुन्हा मोज्यात घालून आत.